चौक मुलांना सांभाळणारा हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी आपल्याकडे कोणी सणवारांवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, ‘चौकावर बोलेन.’ त्या हसल्या. मी सातवी शिकलेली बाई. रस्ता कसा बांधावा हे इंजिनियरांनी ठरवावयाचे. पण त्या रस्त्यावरून मूल घरी येईपर्यंत दारात उभे राहणे आपल्या वाट्याला येते. म्हणून ह्या विषयावर दोन शब्द बोलण्याचा आपल्यालाही हक्क आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात सायकल कोण चालवते ते पाहा. पहाटे पेपर टाकणारी मुले, चिकलठाण्याच्या कारखान्यांत जाणारे कामगार, शाळेला आणि क्लासला जाणाऱ्या मुली. मुलीला सायकल म्हणजे पाय फुटल्यासारखे आहे. म्हणूनच राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत देते. हेतू हा, की अंतरापायी मुलीची शाळा सुटू नये. खेड्यातील मुलीला सायकल मिळावी म्हणून सरकार खटपट करते, आणि शहरात आपल्या मुलींच्या सायकली जिन्याखाली गंजत पडतात. असे का व्हावे?

आमच्याच घरातले सांगते. गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी क्लासहून येत होती. सिग्नल हिरवा होता, ती आपल्या बाजूने सरळ निघाली होती. मागून एक टेम्पो आला आणि तिच्या पुढून झटकन डावीकडे वळला. हँडल टेम्पोला अडकले, पोर पडली. देवाची कृपा, कोपर सोलवटले एवढ्यावर निभावले. टेम्पो थांबलाही नाही. रात्री आमचे हे म्हणाले, ‘उद्यापासून सायकल बंद.’ बापाचे काळीज, त्यांना मी काय बोलणार? पण मनात आले, चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला? टेम्पो आपल्या वाटेने गेला, आणि माझ्या मुलीची वाट मात्र बंद झाली.

भगिनींनो, हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे. सरळ रस्त्यावर सगळे एकाच दिशेने जातात. चौकात मात्र एकाची वाट दुसऱ्याच्या वाटेला छेदते. सायकलवाला असतो रस्त्याच्या डाव्या कडेला, आणि डावीकडे वळणारी गाडी नेमकी त्याच्या पुढून वाट कापते. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला तर आपल्या डाव्या कुशीशी असलेली सायकल दिसतच नाही. त्यात आपल्याकडे ‘लेफ्ट फ्री’ची पद्धत. कोपरा ऐसपैस गोल कापलेला, म्हणजे वेग कमी न करताच वळता येते. हिशेब करून पाहा. ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटर जाते, पन्नासने जाणारी जवळजवळ चौदा मीटर. ड्रायव्हरला मूल दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हे अंतर संपलेले असते.

आपले गाव दरवाजांचे. मकई दरवाजाच्या कमानीखालून वर्षानुवर्षे गाड्या एकामागे एक, दबकत गेल्या. तेथे ड्रायव्हरला कोणी उपदेश करावा लागला नाही. वाटच अरुंद, म्हणून वेग आपोआप उतरला. उलट जालना रोडवरचे चौक पाहा. जितका मोकळा चौक, तितकी सुसाट गाडी. म्हणजे माणसाचे वागणे पुष्कळसे रस्त्याच्या घडणीवर असते. ‘बाळा, जपून जा’ असे आपण रोज सांगतो, ते सांगावेच. पण चौकच जपणारा नसेल तर बाळाने किती जपावे?

मग काय करावे? उपाय साधे आहेत. पहिला, वळणाचा कोपरा आवळून घ्यावा आणि तेथे छोटा उंच ओटा करावा, म्हणजे गाडीला हळू होऊनच वळावे लागेल. दुसरा, सायकलींनी रस्ता ओलांडावयाची पट्टी कोपऱ्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकी आत घ्यावी, म्हणजे वळलेल्या गाडीसमोर सायकल आडवी येते आणि ड्रायव्हरला ती स्वच्छ दिसते. तिसरा, सायकलींची थांबण्याची रेघ गाड्यांच्या पुढे आखावी. चौथा, हिरवा दिवा सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना चार-पाच सेकंद आधी द्यावा.

कोणी म्हणेल, ही परदेशातली थेरं. परदेशचेच ऐका. हॉलंड देश आज सायकलींचा म्हणून ओळखला जातो, पण तो पूर्वीपासून असा सुरक्षित नव्हता. 1971 साली तेथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव. सरकारला रस्ते आणि चौक बदलावे लागले. आता तेथे वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात. आपल्या देशात 2022 ह्या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक.

आणि आपल्याकडे जाण नाही असेही नाही. सायकलींचे मार्ग कसे असावेत, ह्याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 सालीच छापले. 2020 साली केंद्र सरकारने शहरांना सायकलींसाठी रस्ते करून पाहण्याचे आवाहन केले, त्यात आपले शहरही सामील झाले होते. पण पुष्कळ ठिकाणी असे दिसते, की सायकलींचा पट्टा सरळ रस्त्यावर असतो आणि चौक आला की संपतो. जेथे धोका, तेथेच आधार सुटतो!

‘कोपरे आवळले तर गाड्या खोळंबतील,’ असेही ऐकू येते. खोळंबतील थोड्या, काही सेकंद. तेवढ्या सेकंदांत कोणाचे मूल सुखरूप पलीकडे जाते. आपल्या मुलांनीही उलट्या बाजूने जाऊ नये, लाल दिवा तोडू नये, मागे चमकणारी पट्टी लावावी. हे घरात शिकविणे आपले काम. दोन्ही बाजूंनी झाले पाहिजे.

आता मंडळाने काय करावे ते सांगते. हळदीकुंकवाला आपण शंभर बायका जमतो. त्यांतल्या दहा-बारा जणींनी एक आठवडा सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी क्लास सुटताना आपल्या जवळच्या चौकात उभे राहावे. सायकली किती, त्यांत मुली किती, किती वेळा वळणारी गाडी अंगावर आली, हे वहीत टिपून घ्यावे. ती वही आणि सह्यांचे निवेदन घेऊन महानगरपालिकेत आणि पोलिसांच्या वाहतूक शाखेत जावे. एकच चौक मागावा. आधी रंगाने आणि प्लॅस्टिकच्या खांबांनी महिनाभर करून पाहा म्हणावे. पटले तर पक्के बांधा. खर्च फार नाही, आणि वही समोर असली म्हणजे ‘बघू’ म्हणून कोणी वाटेला लावणार नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी वही घेऊन चौकात असेन. ज्यांना यावयाचे त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.