काम येतं, हिशेब येतो का?

आम्ही तिघी एकाच बचत गटातल्या. गावात आमचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पंखा, मिक्सर, इस्त्री, एलईडी बल्ब, बॅटरी, असं सगळं येतं. काम कसं शिकलो ते आज थोडं सांगू. शिकल्यावर कुठं ठेच लागली ते जास्त सांगू.

शिकलो आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत. या संस्था बँका चालवतात आणि बहुतेक जिल्ह्यांत आहेत. शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. मल्टिमीटर कसा धरायचा, डाग कसा द्यायचा, तिथंच कळलं. पंखा हळू फिरतो तो बहुतेक वेळा कपॅसिटर उतरला म्हणून. मिक्सर फिरेना तर आधी बुडाचं लाल बटण दाबून बघा, मग कार्बन ब्रश. एलईडी बल्बमध्ये एक दाणा जळला तरी सगळा बल्ब विझतो, आणि त्या दाण्यावर बऱ्याचदा काळा ठिपका दिसतो.

गटातून 15,000 रुपये कर्ज घेतलं. हत्यारं, टेबल, सुटे भाग आणले आणि दुकान उघडलं. चार महिन्यांत 96 वस्तू दुरुस्त केल्या. लोक शाबासकी देत होते. चौथ्या महिन्याच्या बैठकीला हप्ता भरायला डबा उघडला, तर आत 310 रुपये. पहिले तीन हप्ते आम्ही घरखर्चातून भरले होते. आता तेही जमेना. पैसा सगळ्यांचा होता. कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची शेळी त्यावर अडलेली. मान वर करवेना.

अध्यक्ष ताई म्हणाल्या, "वही आणा." वही काढली. 96 पैकी 37 वस्तूंचेच रोख पैसे आले होते. 38 वस्तू उधारीवर, तिचे 4,260 रुपये. उरलेल्या 21 फुकट, 'आपलीच माणसं' म्हणून. ताईंनी उधारीची नावं मोठ्यानं वाचायला सांगितली. वाचता वाचता आमचा आवाज बसला, कारण निम्मी नावं बैठकीत बसलेल्या बायकांचीच होती. आणि फुकटाच्या यादीत पहिला मिक्सर आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचा! आधी सगळ्या गप्प, मग हसू फुटलं. त्याच बैठकीत 900 रुपये जमले आणि हप्ता भरला गेला.

पण चूक फक्त उधारीची नव्हती, दराचीही होती. पंख्याचाच हिशेब बघा. कपॅसिटर आम्हाला 35 रुपयांना पडायचा. गिऱ्हाईकाकडून 50 घ्यायचो. वाटायचं, 15 सुटले. आता दुकानाचा खर्च धरा. भाडं 500, वीज 160, सामान आणायला तालुक्याला एसटीनं जाणं-येणं 300. महिन्याला 960 झाले. महिन्याला वस्तू यायच्या 24. म्हणजे झाकण उघडायच्या आधीच प्रत्येक वस्तूवर 40 रुपये खर्च. 35 आणि 40 मिळून 75. घेत होतो 50. दर पंख्यामागं 25 रुपये पदरचे जात होते, वर आमची मेहनत फुकट. आता त्याच कामाचे 130 घेतो. त्यात मजुरीचे 55.

मग नियम केले. वस्तू आली की तपासून आधी खर्च सांगायचा, गिऱ्हाईक हो म्हणालं तरच उघडायची. भाग 100 रुपयांच्या वरचा असेल तर आगाऊ पैसे. काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा, म्हणजे संशय राहत नाही. तोच बिघाड महिन्याच्या आत झाला तर मजुरी घ्यायची नाही. मोटारीचं वाइंडिंग जळलं असेल तर स्पष्ट सांगायचं, हे आमच्याकडं होत नाही. सासूबाईंचाही मिक्सर असो, भागाचे पैसे घ्यायचेच.

दर वाढवल्यावर महिनाभर गिऱ्हाईक घटलं. मग परत आलं, कारण पंखा घेऊन तालुक्याला जायचं म्हणजे आख्खा दिवस मोडतो. उधारीतले सगळे पैसे वसूल झाले नाहीत. पण गटाचं कर्ज फिटलं. या धंद्यावर तिघींचं सगळं घर अजून चालत नाही, मुलांच्या फीचे पैसे मात्र सुटतात.

जिवाला जपायची एक गोष्ट. प्लग काढल्याशिवाय काही उघडू नका. एलईडी बल्बच्या आतली पट्टी बऱ्याचदा थेट मेन लाइनशी जोडलेली असते, चालू असताना बोट लावू नका. दुरुस्त केलेली वस्तू आधी सिरीज बोर्डावर लावा. पिवळा बल्ब पूर्ण उजेडानं पेटला तर शॉर्टची शंका धरा आणि वस्तू थेट बोर्डात घालू नका.

पुढं भांडवल लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तिला सरकारी फी नाही.

आणि गटातल्या मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कुणी दुकान काढलं तर पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा. पण रोखीचं.