शीळच्या पाण्यावर कयाक चालेल का?

मी रत्नागिरीतून बोलतोय. आजचा विषय पाण्याचा आहे, पण नळाला किती वाजता येतं त्या पाण्याचा नाही. म्हणजे थोडा त्याचाही आहे, ते पुढे येईलच. विषय आहे कयाकिंग, आणि तेही शहराला पाणी देणाऱ्या धरणावर.

आधी कयाक म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे पाण्यावर जे जे तरंगतं त्या सगळ्याला 'बोटिंग' म्हणायची पद्धत आहे. कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद होडी. पाय पुढे करून बसायचं, तोंड जायच्या दिशेला, आणि हातात एकच वल्हं, दोन्ही टोकांना पातं असलेलं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. कनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं. रोइंगमध्ये वल्ही होडीला अडकवलेली असतात आणि जायच्या दिशेला पाठ असते. हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. कयाकमध्ये इंजिन नाही, शीड नाही. तुम्ही थांबलात की होडी थांबते.

आता लोक मला विचारतात, अरे, आपल्याला समुद्र आहे, भाट्याची खाडी आहे, काजळी नदी आहे, मग धरण कशाला हवं? प्रश्न बरोबर आहे. मी स्वतः खाडीतच वल्हं मारतो. पण खाडी ही शिकायची जागा नाही, शिकलेल्याची परीक्षा घेणारी जागा आहे.

कारण साधं आहे, भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. खाडीत भरलेलं ते सगळं पाणी साधारण सहा तासांत अरुंद मुखातून बाहेर जातं. त्या ओढीत नवशिका सापडला, तर तो वल्हं मारत राहतो आणि काठावरचा माड आहे तिथेच दिसतो. त्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. वारा आत येतोय आणि ओहोटी बाहेर जातेय, अशा वेळी मुखावर लाटा उभ्या राहतात. आपल्या तांडेलांना हे सगळं माहीत असतं. उधाण कधी, भांग कधी, कुठल्या वेळी बाहेर पडायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण दहावीतल्या मुलाला हे पहिल्याच दिवशी कसं कळणार?

धरणात ओढ नाही. सांडव्यापासून आणि पाणी उपसायच्या जागेपासून लांब राहिलात, तर पाणी तुम्हाला कुठे नेत नाही. वल्हं कसं धरायचं, दंडाने न ओढता कमरेतून वळून कसं मारायचं, होडी जागच्या जागी कशी फिरवायची, दमल्यावर काय करायचं, हे सगळं शिकायला उभं पाणी लागतं. आणि रत्नागिरीकरांसाठी मोठं उभं पाणी म्हणजे शीळ, नाहीतर पानवल. म्हणजे आपलं पिण्याचं पाणी.

आमच्या शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पितो त्या पाण्यात तुमची पोरं डुंबणार?" मंडळी, या प्रश्नाला हसू नका. पूर्ण वजनाचा प्रश्न आहे. साळवी स्टॉपच्या केंद्रात पाणी शुद्ध होतं हे खरं. पण म्हणून मुळात घाण करायला मोकळीक मिळते असं नाही.

तर दुसऱ्यांनी काय केलं ते बघू. मुंबईत विहार आणि तुळशी हे तलाव आजही पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, तिथे लोकांना प्रवेश नाही. पवई तलावही १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला, पण ते पाणी पिण्यालायक ठरलं नाही. पुढे तिथे गळ टाकणारे आले, काठाने वस्ती आली, सांडपाणी आलं, जलपर्णी आली. नुसती बघ्यांची गर्दी झाली आणि पाण्याला वाली राहिला नाही, की तलावाचं काय होतं त्याचं पवई हे उदाहरण.

दुसरं टोक सिंगापूर. तिथलं मॅकरिची जलाशय १८६८ मधलं, शहराच्या पाण्यासाठी बांधलेलं. आजही ते पिण्याच्या पाण्याचं जलाशय आहे आणि त्याच पाण्यावर कयाक चालतात. पोहायला मनाई आहे, वल्ह्याला परवानगी आहे. ज्या देशाला पाण्याचा थेंबन् थेंब मोजावा लागतो, त्याने हा मार्ग काढलाय.

आणि मधलं उदाहरण आपल्याच देशातलं, भोपाळ. तिथला मोठा तलाव शहराला पिण्याचं पाणी देतो. त्याच तलावावर मध्य प्रदेशची जलक्रीडा अकादमी आहे. प्राची यादवने भोपाळमध्येच सराव केला. दिव्यांगांच्या कनू स्पर्धांमध्ये तिने टोकियो पॅरालिम्पिकची अंतिम फेरी गाठली आणि हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक घेतलं. आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या तलावात क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायचा आदेश दिला. रेघ कुठे ओढली ते बघा. हरकत होती ती इंजिनाला.

मला वाटतं, रेघ तिथेच ओढायला हवी. मोटरबोटीतून पेट्रोल आणि ऑइल पाण्यात सुटतं. लाटांनी काठाची माती ढासळते. कयाक यातलं काहीच करत नाही. पण एक गोष्ट सांगतो, धोका होडीत नसला तरी काठावर असतो. शंभर माणसं आली की त्यांच्या गाड्या येतात, वडापावचे कागद येतात, प्लास्टिकच्या बाटल्या येतात. शौचालय नसेल तर माणसं कुठे जातात ते वेगळं सांगायला नको. म्हणून शीळवर उद्या कुणी असा प्रस्ताव आणला, तर मी आधी होड्या किती ते विचारणार नाही. शौचालय कुठे आणि कचरा कोण उचलणार, हे विचारीन.

दुसरा प्रश्न जिवाचा. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी २१ मे ला उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण बुडाले. दोन्ही ठिकाणी ना भरती होती, ना ओहोटी. उभं पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे. उभं पाणी फक्त शिकायला बरं.

म्हणून माझ्या अटी सांगतो. इंजिन नाही म्हणजे नाही. लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे आवळलेले, मांडीखाली ठेवलेलं नव्हे. होडी उलटल्यावर बाहेर कसं यायचं आणि परत कसं चढायचं, हा सराव जलतरण तलावात आधी करायचा. तो झाल्याशिवाय धरणावर पाय ठेवायचा नाही. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. डुंबणं तलावात, धरणात फक्त वल्हं. होड्या मोजक्या, वेळ सकाळची, किती गेले आणि किती परत आले याची वही. सांडवा आणि जॅकवेलच्या बाजूला तरंगत्या खुणांची दोरी, तिच्या पलीकडे कुणीच नाही. जीवरक्षकाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस काठावर. त्यासाठी फार लांब जावं लागत नाही, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे.

आणि हंगाम ठरलेला. पावसाळ्यात बंद, कारण सांडवा वाहत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालू. मार्चनंतर पुन्हा बंद. एक तर पाणी उतरतं, काठाला चिखल उघडा पडतो, खुंट वर येतात. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, उन्हाळ्यात पाणीकपात लागलीय, बायाबापड्या कळशा भरून ठेवतायत आणि धरणावर आपण मजा करतोय, हे शोभणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या अटी घालून चार महिन्यांसाठी हा खटाटोप कशाला? दत्तू भोकनळचं नाव ऐकलं असेल. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेला मुलगा. सैन्यात गेला, पुण्यात वल्हं हातात घेतलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगच्या एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्ण. जिथे पाणी नाही तिथला मुलगा वल्ह्यावर ऑलिंपिकला गेला. आपल्या दाराशी समुद्र आहे, आणि आपण मुलांना काय सांगतो? "पाण्याकडे जाऊ नको."

ही भीती उगाच आलेली नाही. आपल्याच जिल्ह्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, २०२१ ला चिपळूण बुडालं. पण पाण्याकडे पाठ केल्याने पाणी सौम्य होत नाही. पोहता येणारं, होडी उलटली तर न घाबरणारं मूल हे खाडीकाठच्या गावात चैन नाही, गरज आहे.

आणि अजून एक फायदा. शीळचं पाणी किती उतरलं हे बहुतेकांना पेपरमधून कळतं. दर रविवारी त्या पाण्यावर जाणाऱ्या पंचवीस मुलांना ते डोळ्यांनी दिसेल. गाळ कुठे साचतोय, कोण कचरा टाकतंय, शेवाळ कधी धरतंय, हे आधी त्यांना कळेल. ती मुलं घरी नळ उघडा सोडणार नाहीत, असं मला वाटतं.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शौचालय आधी बांधा, मग बघू." माझं म्हणणं याहून वेगळं नाही. तुमच्या गावच्या तलावावर किंवा धरणावर वल्हं चालत असेल, तर तिथे काय नियम आहेत ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, खाडीवर जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघून जा.