सरपणाची चाळ

आपल्या खानदेशात उन्हाला तोटा नाही. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर गेला तर त्याची बातमी होते, पण नवल कुणालाच वाटत नाही. पाऊसही कोकणासारखा नाही. जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, धुळ्याकडे त्याहून कमीच. अशा मुलखात सरपण ओलं असण्याचं काही कारण आहे का? तरीही आषाढ-श्रावणात सकाळी कुठल्याही खेड्यातून चक्कर मारा. निम्म्या घरांतून पांढरा, जड धूर निघत असतो आणि आतून फुंकणीचा आणि खोकल्याचा आवाज येत असतो.

आमचं घर यावल तालुक्यातलं, धाब्याचं. मृगाच्या आधी वडील धाब्यावर खारी माती टाकून घ्यायचे, पन्हाळं मोकळी करायचे. बी-बियाणं कणगीत, कापूस ओसरीवर, बैल गोठ्यात, कडबा माळ्यावर. प्रत्येक गोष्टीला पावसाआधी छप्पर मिळायचं. राहायचं ते फक्त सरपण. ते मागच्या भिंतीला टेकून ढिगाने पडलेलं असायचं आणि त्याच्यावर एक फाटकं गोणपाट. आई भर पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन जायची, ढिगातल्या त्यातल्या त्यात कोरड्या काड्या उपसून आणायची आणि चुलीभोवती वाळत मांडायची. सकाळचं सरपण संध्याकाळसाठी, संध्याकाळचं दुसऱ्या दिवसासाठी. चाळीस वर्षं तिने हे केलं. म्हातारपणी तिला धाप लागू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई तंबाखू, विडी ओढतात का?" तिने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "स्वयंपाक चुलीवर का?"

चुलीच्या धुराची गोष्ट आता जगभर मोजली गेली आहे. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकात निर्धूर चुलींची सरकारी मोहीम झाली, २०१६ साली उज्ज्वला योजना आली, खेडोपाडी गॅस पोहोचला. पण चूल पूर्ण विझलेली नाही. अंघोळीचं पाणी, भाकरी, गुरांचं आंबोण, पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक, यांसाठी अंगणातली चूल पेटतेच. आणि सिलिंडर संपला, पैसे हातात नसले, की सगळाच भार तिच्यावर येतो. तेव्हा चूल पेटायचीच असेल, तर तिच्यात घालायचं लाकूड निदान कोरडं असावं, एवढंच माझं आजचं सांगणं आहे.

ओल्या लाकडाचं नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. चांगलं वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येतं. एक लीटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. म्हणजे ओलं लाकूड चुलीत घातलं, की जाळ भाकरीला लागण्याआधी लाकडातलं पाणी उडवण्यात खर्च होतो. त्यात जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारा वायू धड जळत नाही, आणि तोच धूर होऊन घरभर पसरतो. सरपण जास्त, उजेड कमी, धूर फार.

मी टपाल खात्यात नोकरी केली. सुतारकाम मला येत नाही. निवृत्तीनंतर गावी आलो, तेव्हा ठरवलं की बाकी काही नाही, पण सरपणाला निवारा करायचा. पहिल्या वर्षी बाजारातून जाड प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि ढीग चारी बाजूंनी घट्ट बांधून टाकला, वर दगड ठेवले. पाण्याचा थेंब आत जाणार नाही याचा मोठा अभिमान होता. श्रावणात ताडपत्री सोडली, तर आतून घाम सुटल्यासारखं पाणी ठिबकत होतं. लाकडावर पांढरी बुरशी आणि खालच्या थराला वाळवी, म्हणजे आपली उधई. जमिनीतली ओल वर चढत होती आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. पाऊस बाहेर ठेवला, पण वाराही बाहेर ठेवला.

दुसऱ्या वर्षी शेड उभारली. बाभळीचे चार खांब, वर पत्रे. खांब काळ्या मातीत दोन फूट पुरले आणि काम झालं म्हणून हात झटकले. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे मला शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असायला हवं होतं. पहिल्या दोन पावसांतच खांब तिरके झाले. त्याआधीच जूनच्या सुरुवातीला वादळ आलं होतं. रावेर-यावलकडचं हे वादळ ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना सांगायला नको. उभ्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात. माझा एक पत्रा उडून शेजाऱ्याच्या केळीत पडला. नशीब, तिथे माणूस नव्हतं.

त्याच हिवाळ्यात साक्रीकडे बहिणीच्या घरी गेलो होतो. तिच्या खळ्यात कांद्याची चाळ होती. जमिनीपासून वर उचललेली, खाली बांबूचा तळ, बाजूंना फटी ठेवून बांधलेल्या पट्ट्या, वर छप्पर आणि त्याची लांब वळचण. मी तिला माझ्या दोन वर्षांची कहाणी सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "भाऊ, कांदाले वारा लागस, मंग लाकूडले नही लागत का?" तिने एका वाक्यात माझं घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगितलं. सरपणाला पेटी नको होती, चाळ हवी होती.

तिसऱ्या वर्षी जी चाळ बांधली, ती आजतागायत उभी आहे. कुणाला करायची असेल म्हणून तपशील सांगतो.

आठ फूट लांब आणि चार फूट खोल जागा घ्यावी. पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला, कारण आपला पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. घरापासून सात-आठ पावलं दूर असावी. भिंतीला चिकटवली की उधई घरात येते, आणि सरपणात विंचू-साप दडण्याची भीती असतेच. सहा खांब लागतात, तीन पुढे, तीन मागे. खड्डे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावेत. मुरूम फार खोल असेल, तर खड्डा रुंद करून तळाशी मुरूम ठोकून भरावा. त्यात काँक्रीट ओतून जमिनीच्या वर अर्धा फूट उंच ओटा करावा आणि ओलं असतानाच त्यात लोखंडी पट्टी रोवावी. खांब त्या ओट्यावर उभा करून पट्टीला बोल्टने आवळायचा. लाकूड मातीला लागलं नाही, की सडत नाही आणि उधईलाही सहज सापडत नाही.

यात नवीन काहीच नाही. आपल्या जुन्या घरांतले खांब मातीत कधी पुरलेले पाहिलेत का? ते दगडाच्या तळखड्यावर उभे असतात. फरक एवढाच, की धाब्याचं घर मातीच्या वजनाने जागेवर राहतं. पत्र्याच्या छपराला वजन नाही. वारा वळचणीखाली शिरला की ते वर उचललं जातं. म्हणून ते खाली बांधून ठेवावं लागतं. खांब ओट्याला, वासा खांबाला, पत्रा वाशाला, अशी साखळी कुठेही तुटू देऊ नये. खिळ्यांवर विसंबू नये, बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या वापराव्यात. आणि मागच्या व दोन्ही कडेच्या बाजूंना खांबांमध्ये तिरप्या पट्ट्या माराव्यात, नाहीतर चौकट वाऱ्याने झुलते.

पुढचे खांब साडेसात फूट, मागचे साडेसहा, म्हणजे पाणी मागे वाहून जातं. आठ फुटी चार पत्रे पुरले, पुढे-मागे जवळजवळ दोन-दोन फूट वळचण मिळाली. पत्र्याला भोक पाडायचं ते उंचवट्यावर, खोलगटात नाही. पाणी खोलगटातून वाहतं. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर हवा. एक पत्रा दुसऱ्यावर दीड नाळी तरी चढलेला असावा आणि सांध्याचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला असावं. मागे, जिथे पाणी पडतं, तिथे वीतभर खोल चर काढून ते लांब सोडावं.

मागच्या बाजूला आडव्या फळ्या माराव्यात, वरची फळी खालच्या फळीवर इंचभर येईल अशा. कडेच्या दोन बाजूंना दोन बोटं फट ठेवून बांबूच्या पट्ट्या. पुढची बाजू उघडीच. तळ जमिनीपासून फूटभर वर, विटांच्या रांगांवर जाड बल्ल्या आडव्या टाकून. खाली हात घालून झाडता आलं पाहिजे, म्हणजे विंचवाकाट्याला घर मिळत नाही. तरी रात्री सरपण काढताना बॅटरी घेऊनच जावं.

आता सरपण कोणतं आणि केव्हा रचायचं? बांधावरच्या बाभळीच्या, निंबाच्या छाटलेल्या फांद्या माघ-फाल्गुनात फोडून उन्हात मोकळ्या पसराव्यात. अखंड ओंडका वर्ष-वर्ष वाळत नाही, फोडलेली ढलपी मात्र चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळते. ही फुकटची भट्टी आपल्याइतकी फार थोड्या मुलखांना मिळाली आहे. वाळलेलं लाकूड हलकं होतं, त्याच्या तोंडाला बारीक भेगा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात. ओलं असेल तर आवाज बद्द येतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्याच्या आत सरपण चाळीत रचून झालं पाहिजे. त्यानंतर वळवाचा भरवसा नाही.

पऱ्हाटीबद्दल मात्र जरा सावध राहा. कापसाचा हंगाम संपला की बांधावर पऱ्हाट्यांच्या गंजी घालायची आपली जुनी सवय. त्या पऱ्हाट्यांवर उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. २०१७ साली या अळीने राज्यातल्या कापसाचं काय केलं, ते आपण पाहिलं. म्हणून पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत साठवू नये. यंत्राने बारीक करून शेतातच कुजवली तर सगळ्यांत उत्तम. जाळायचीच तर बोंडं झोडून नष्ट करावीत आणि उन्हाळा संपायच्या आत ती संपवावी. पावसाळ्यात पेटवणासाठी तुराट्या ठेवाव्यात.

एक चूक माझ्या हातून तिसऱ्या वर्षीही झाली. मी सरपण माझ्या उंचीने, अगदी पत्र्याला भिडेपर्यंत रचलं. घरच्या मंडळींनी पाहिलं आणि विचारलं, "हे काढणार कोण? तुम्ही?" मी गप्प बसलो. चाळीची जागा मी ठरवली, उंची मी ठरवली, आणि रोज सरपण काढणारं माणूस दुसरंच. मग वरचे दोन थर उतरवले आणि खांद्याच्या खालपर्यंतच रचायचं ठरलं. तेव्हा चाळ बांधायची असेल, तर आधी जिचा हात रोज तिथे जाणार आहे तिला विचारा. जागाही तिलाच दाखवायला सांगा.

त्या वर्षी कानबाई आली ती झडीच्या पावसात. श्रावणातला, नागपंचमीनंतरचा रविवार. खापरावरची पुरणपोळी ज्यांनी केली आहे त्यांना माहीत आहे, की उपड्या खापराखाली जाळ सारखा लागावा लागतो. एका बाजूने धुमसलं की पोळी एकीकडे कच्ची, एकीकडे करपलेली. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि आत चूल मंद, पिवळ्या जाळाने जळत होती. बायका बोलत होत्या, हसत होत्या. फुंकणी कोनाड्यात तशीच पडून होती.

आई ते पाहायला नव्हती. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. चार हजारांचा पत्रा, घरच्याच बाभळी आणि आठ दिवसांचं काम. हे माझ्या वडिलांना जमलं असतं, मलाही नोकरीत असताना जमलं असतं. पैशांची अडचण नव्हती. बैलाला गोठा हवा, कापसाला ओसरी हवी, हे घरातल्या पुरुषांना दिसत होतं. सरपण भिजतं हेही दिसत होतं, पण ते वाळवणारं माणूस घरात होतं, म्हणून कुणाला त्याची घाई वाटली नाही.

कोरड्या लाकडाचाही थोडा धूर होतोच, आणि गॅस परवडत असेल तर तो सोडून चुलीकडे वळा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या अंगणात चूल पेटत असेल, तर यंदा आखाजीच्या आत सरपणावर छप्पर घाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)