आधी भाषा, मग मोबाईल

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले इथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा पडक्या शाळेशेजारीच गुरांचा गोठा होता.

मुलांच्या तोंडी कन्नड आणि पुस्तकं मात्र भलत्याच भाषेत! गुरुजी आधी कन्नड शिकले, तंत्रज्ञान त्यानंतर आलं. हा क्रमच खरा मोलाचा. मग धड्यांना क्यूआर कोड जोडले. पालकाचा मोबाईल त्यावर धरला, की कविता ऐकू येई, गोष्ट दिसे; वर्गात निसटलेलं घरी पुन्हा ऐकता येई.

पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले.

२०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.