ज्याच्या त्याच्या कानात निराळा प्रचार



अकोल्याच्या जुन्या शहरात निवडणूक आली की ती आधी कानाला कळत असे. भोंगा लावलेली रिक्षा मोर्णेचा पूल ओलांडून जयहिंद चौकात शिरायची, मागे पोरे धावायची, आणि उमेदवाराचे म्हणणे पानठेल्यावरच्या माणसाला जसे ऐकू यायचे तसेच ओट्यावर गहू निवडणाऱ्या बाईलाही. भिंतीवरचे आश्वासन हरिहर पेठेतला हिंदू वाचायचा, मुसलमानही वाचायचा. नळाचे वचन साऱ्या गल्लीने मिळून ऐकलेले असे. पाच वर्षांनी तोच मनुष्य हात जोडून आला, की एखादी म्हातारी भर गल्लीत विचारी, “काहून बाप्पा, त्या नळाचं काय झालं?”

रिक्षा आजही फिरते. पण प्रचाराचा मोठा भाग आता खिशातल्या फोनवर चालतो. आणि माझ्या फोनवर जे येते ते शेजाऱ्याच्या फोनवर येईलच असे नाही. ते तसे येऊ नये अशीच योजना असते.

ही योजना कशी चालते ते पाहू. मतदारयादीत आपले नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, घर क्रमांक, वय, आणि स्त्री की पुरुष एवढे छापलेले असते. यादी केंद्रावार असल्यामुळे गल्लीही समजते. आडनावावरून जातिधर्माचा अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत. शिक्षकमंडळींना हे सांगावयास नको. बीएलओ म्हणून या याद्या घेऊन उन्हातान्हात दारोदार तेच हिंडतात. यादीत फोन नंबर मात्र छापत नाहीत. तो आपणच देतो. कुठे बक्षिसाच्या चिठ्ठीवर, कुठे ‘मिस्ड कॉल द्या’ म्हटले म्हणून, कुठे ‘तुमची पसंती कोण’ अशा पाहणीत. नावाला नंबर जोडला, की माणसांचे गठ्ठे बांधता येतात. मग सोयाबीन पिकविणाऱ्याला निरोप जातो की भाव वाढवून देऊ, आणि किराणा भरणाऱ्या बाईला जातो की गोडे तेल स्वस्त करू. दोघे एकाच घरातले नवराबायको असले तरी एकमेकांचा निरोप पाहतीलच असे नाही!

कुणी म्हणेल, यात नवल ते काय? पुढारी जसा गाव तसे भाषण करीतच आले आहेत. खरे आहे. पण त्या भाषणाला विरोधकाचा माणूसही कोपऱ्यात उभा असे, आणि दुसऱ्या दिवशी तो उत्तर देई. जो निरोप विरोधकाला दिसतच नाही, त्याला उत्तर कोण देणार?

या धंद्याची जगभर चर्चा झाली ती २०१८ साली. केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या इंग्रजी कंपनीकडे फेसबुकवरील लोकांची माहिती गेल्याचे तेव्हा उघड झाले. फेसबुकने स्वतः दिलेला अंदाज ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतचा होता. त्यात भारतातले ५ लाख ६२ हजार ४५५. आणि ज्या ॲपमधून ही माहिती गेली, ते भारतात घेतले होते अवघ्या ३३५ जणांनी. बाकीचे ते ॲप घेणाऱ्या कुणाचे ना कुणाचे फेसबुकवरील मित्र. म्हणजे ‘मी तर काही दिले नाही’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

फोनवरच्या मजकुराने काय होऊ शकते ते जुन्या शहराला शिकवावे लागत नाही. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील मजकुरावरून येथे दंगल झाली, एकाचा प्राण गेला, जमावबंदी लागली. तो प्रकार निवडणूकप्रचाराचा नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण एका मोहल्ल्याला एक भीती आणि दुसऱ्याला दुसरी असे वाटप कुणी मतांसाठी करू लागला, तर ते कोणत्या घरात जाऊन पडेल याचा विचार येथल्या माणसाने करावा.

कायदा अगदी नाही असे नाही. उमेदवाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती शपथपत्रात सांगावी, तेथील जाहिरातीचा खर्च हिशेबात धरावा, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच बजावले. पण ‘समर्थक’ म्हणवणाऱ्या निनावी पानांचा खर्च कुणाच्या हिशेबात धरायचा, ही पंचाईत राहतेच. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीविषयीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. सावकाशच म्हणायचे.

फेसबुकवरील राजकीय जाहिराती कोणी पैसे देऊन लावल्या, याची एक नोंदवही त्या कंपनीने भारतासाठी २०१९ पासून उघडी ठेवली आहे. तिला ‘ॲड लायब्ररी’ म्हणतात; कुणालाही ती फुकट पाहता येते. मराठीतल्या जाहिरातीही तीत सापडतात. व्हॉट्सॲपवर गटागटांत फिरणारे निरोप मात्र या वहीत चढत नाहीत. ते जुळवून पाहावयाचे तर माणसांनीच एकत्र बसले पाहिजे. मंडळी तशी पारावर जमतेच. चार फोन शेजारी शेजारी ठेवून “तुले काय आलं, मले काय आलं” एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात.

शिक्षकांना एक सुचवितो. नववी-दहावीच्या मुलांना घरी आलेले प्रचाराचे निरोप वहीत उतरवून आणावयास सांगा. पाठविणाऱ्याचे नाव-नंबर वगळा, सर्व पक्षांचे घ्या, आणि फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. खाली प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव आहे का, वचन कोणाला दिले आहे, ते दुसऱ्या वचनाशी जुळते का, हे मुलेच शोधतील. मात्र हा पाठ मतदान पार पडल्यावर घ्यावा. आधी घेतला, तर मास्तरांवरच बालंट यायचे.