नव्या पूलचं पांढरं पाणी आणि बाबांची सेक्रेटरीगिरी

आज कोडिंग नाही. आज आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा स्विमिंग पूल.

मुंबईत बहुतेक पूल टाइल्सचे. आमच्या कमिटीने यंदा दुरुस्तीत पांढऱ्या सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. जूनमध्ये टँकरने पाणी भरलं आणि चौथ्या दिवशी पूल ताकासारखा! तळाला भुकटी, भिंतीवर करडे डाग. व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सुरू, "सेक्रेटरीने किती खाल्ले?" सेक्रेटरी म्हणजे माझे बाबा. दोन दिवस ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मग मी वाचायला बसलो.

सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रिॲक्शन होऊन घट्ट होतं. त्यात चुना सुटतो. पहिले काही आठवडे तो पाण्यात उतरतो, पीएच वर नेतो आणि त्याचीच पांढरी भुकटी बसते. म्हणजे भुकटी दिसली की मटेरियल खराबच, असं नाही. रोज पीएच तपासायचा, ७.४ ते ७.६ च्या आसपास ठेवायचा. ॲसिड लागलं तर जाणकार माणसाकडूनच, पंप चालू ठेवून, थोडं थोडं. सकाळ-संध्याकाळ ब्रश मारायचा, फिल्टर सारखा धुवायचा. ब्रशने निघते ती भुकटी. खरखरीत, चिकटलेला थर असेल तर तो क्षार, त्याला वेगळी ट्रीटमेंट.

पाणी कुठलं तेही बघा. बोअरचं जड पाणी क्षार सोडतं. आपल्या तलावांचं पाणी मऊ, ते उलट प्लास्टरमधलाच चुना ओढून घेतं. म्हणून हार्डनेस मोजा.

करडे डाग बरेचदा काही महिन्यांत फिके होतात. केसासारख्या बारीक चिरा, नख अडकत नसेल तर सहसा फक्त दिसण्यापुरत्या. पण ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग काढून नव्याने भरावाच लागतो. आमच्याकडे पायऱ्यांजवळ असे दोन तुकडे निघाले. ती चूक मिस्त्रीची, आणि त्यानेच भरून दिले.

एक चूक मात्र माझी. भरताना रात्री टँकर थांबवायला मीच सांगितलं. अर्ध्यावर पाणी थांबलं, तिथे भिंतीभोवती रेघ उमटली. ती अजून आहे. एकदा सुरू केलं की वरपर्यंत थांबायचं नाही.

मीटिंगमध्ये मागणी आली, "रिकामा करा, परत प्लास्टर करा." भर पावसात! जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामा पूल खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो, तडकू शकतो. मी म्हटलं, काका, लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करत नाहीत. एक महिना द्या. आणि हो, रेघ माझी आहे, बाबांची नाही.

महिना दिला. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी आणि बाबा ब्रश मारत होतो. आता तळाची जाळी स्वच्छ दिसते. ग्रुपवर सॉरी कुणी म्हटलं नाही. पण बाबा जेवताना परत क्रिकेटवर बोलायला लागलेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.