गुरुवारची मोकळीक

(स्त्री-गटांच्या हिवाळी मेळाव्यात 'विश्रांतीचा हक्क' या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'विश्रांतीच्या हक्कावर बोल' असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी जरा बिचकले. इथे बसलेल्या कितीतरी जणी पहाटे चारला उठून, घरचं आणि चार घरचं काम आटोपून आल्या आहेत. मी मात्र एकवीस वर्षं सौदी अरेबियात, रियाध शहरात, इंजिनिअरची बायको म्हणून राहिले. मी विश्रांतीवर काय बोलणार? पण मला जो धडा मिळाला तो त्या विश्रांतीतच मिळाला. म्हणून तोच सांगते.

१९९५ साली मी तिकडे गेले. माझ्या राहण्याच्या परवान्यावर शिक्का होता: काम करण्यास परवानगी नाही. मी इथे शाळेत शिकवत होते. तिथे मी फक्त कुणाची तरी बायको. घराबाहेर पडायचं तर अंगावर काळा अबाया. गाडी चालवायला बाईला बंदी. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी नवऱ्याची वाट पाहायची. घरात कशाची कमतरता नव्हती. नव्हती ती पायाखाली स्वतःची वाट.

अशा त्या शहरात आमची सुटका होती वाळवंटात. तेव्हा साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे (२०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली). नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जवळजवळ दर गुरुवारी दुपारी आम्ही पाच-सहा कुटुंबं थुमामाच्या बाजूला निघायचो. सौदी लोक या सहलीला 'कश्ता' म्हणतात. आपल्याकडे थंडीत हुरडा खायला शेतावर जातात ना, तसंच प्रेम त्यांना त्या वाळूचं. वाळू सुरू झाली की पुरुष टायरमधली थोडी हवा सोडत, म्हणजे चाकं रुतत नाहीत. मग सतरंज्या अंथरायच्या, लाकडं रचायची. साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडला की थंडी अशी पडे की शालीत शाल गुंडाळावी लागे. पारा आठ-नऊ अंशांवर उतरे. निखाऱ्यात वांगी भाजायची, त्याचं भरीत. सोबत खजूर आणि वेलदोडे घातलेली अरबी कॉफी.

आणि आकाश! दक्षिणेला क्षितिजापासून थोडा वर एक ठळक तारा दिसे. अरब त्याला 'सुहैल' म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी तो पहाटे दिसू लागला की काहिली संपत आली, असं त्यांचं जुनं गणित. पुढे कळलं, हा तर आपला अगस्त्य! माझी आजी म्हणायची, अगस्ती उगवला की पाऊस सरला. त्यांच्याकडे उन्हाळा संपवणारा आणि आपल्याकडे पावसाळा संपवणारा तारा एकच. माहेरचं माणूस भेटावं तसं मला वाटलं.

अबाया घडी करून गाडीत ठेवायचा. तिथे आम्हाला पाहणारं कोणी नव्हतं. आम्ही बायका मोठ्याने हसायचो, गाणी म्हणायचो, एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचोही. कुणाचा गर्भ पडलेला, कुणाची आई इकडे वारलेली आणि परतीचा व्हिसा वेळेवर न मिळालेला. मैत्री म्हणजे काय, ते मी तिथे शिकले.

गाडीही तिथेच शिकले. सपाट जागी नवरा शेजारी बसायचा आणि मी चालवायची. शहरात जो गुन्हा, तो वीस-तीस मैलांवर गंमत! खरं तर वाळवंटातल्या बेदुइन बायका पाण्याच्या टाक्या लादलेल्या गाड्या सर्रास चालवत. कळपांना पाणी पोचवायचं काम होतं, म्हणून त्यांना कोणी अडवत नसे. बाईने गाडी चालवली तर कोणाचं आकाश कोसळत नव्हतं. तिने ती रस्त्यावर, स्वतःच्या मर्जीने चालवू नये, एवढंच म्हणणं होतं. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधच्या रस्त्यावर ४७ सौदी बायकांनी गाड्या चालवल्या होत्या. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले गेले, नोकरीवाल्या घरी बसवल्या गेल्या. आम्ही त्यांच्याबद्दल कुजबुजत बोलायचो आणि वाळूत चक्कर मारून खूश व्हायचो.

आता त्या रात्रीकडे येते. जानेवारीतला गुरुवार होता. आमच्यातल्या एका कुटुंबाकडे घरकामाला गोदावरी जिल्ह्यातली एक बाई होती. पस्तिशीची. दोन मुलं आईकडे ठेवून आलेली. दर गुरुवारी ती आमच्याबरोबर असायची. मुलं सांभाळायला, भांडी आवरायला. आम्हाला वाटायचं, आपण तिलाही फिरवून आणतो. तिला ताट वाढायचो, जुनी शाल दिली होती. आपण चांगल्या मालकिणी आहोत, याचं समाधान होतं.

शेकोटीभोवती आमचा खेळ चालला होता. एक अख्खा दिवस फक्त आपला मिळाला तर काय कराल? कोणी म्हणाली, एकटीने आगगाडीत बसेन. कोणी म्हणाली, पुस्तक वाचेन आणि कोणाला पाणीसुद्धा देणार नाही. मी हसत हसत तिला हाक मारली, "तूही सांग गं!" ती गाडीआड बसून ताटं वाळूने घासत होती. मोडक्या हिंदीत म्हणाली, "दीदी, तुम्ही सगळे इथे येता तेव्हा घर रिकामं असतं. मला वाटतं, एखाद्या गुरुवारी मला घरीच ठेवा. मी झोपेन."

एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता.

आमचं हसू तिथेच थांबलं. आम्ही ज्याला तिची सहल समजत होतो, ती तिची जादा पाळी होती. आठवड्यातली शांत झोपेची एकच संधी आम्ही काढून घेत होतो, वर उपकारही मानून घेत होतो. माझ्या मनात आलं, नवरा मला वाळूत गाडी चालवू देतो आणि आम्ही हिला ताट वाढतो, यात फरक काय? दोन्हीकडे देणाऱ्याची मर्जी. मर्जीने मिळते ती सवलत. ती कोणीही, कधीही काढून घेऊ शकतं.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. ज्याचं ताट त्याने घासायचं, पुरुषांनीही. मांस भाजण्याचा मान ते आनंदाने घेत. आदल्या रात्री ते चिरून, मसाला लावून ठेवणाऱ्या मात्र आम्ही. तेही वाटून घेतलं. गुरुवार तिचा ठरला. एका कुटुंबाला हे पटलं नाही, "नोकरांना डोक्यावर बसवता" म्हणून त्यांनी येणं बंद केलं. ती काय करायची? झोपायची. उठून शेजारच्या इमारतीतल्या गाववालीकडे जायची. तीही बाई, तिलाही शहरात एकटीला फिरायची सोय नव्हती. तिच्या मोकळ्या वेळेलाही भिंती होत्याच. आम्ही त्यातली एक पाडली, बाकीच्या तशाच राहिल्या.

पुढे कायदे आले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्याला सलग २४ तास विश्रांती हे त्यातलं एक कलम. २०१३ च्या सौदी नियमांनी रोज नऊ तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी कागदावर आणली. २४ जून २०१८ पासून सौदी बायका रस्त्यावर गाडी चालवू लागल्या. मी तोवर दोन वर्षं झाली पुण्याला परतले होते. बातमी वाचून डोळे भरून आले. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, हाच हक्क मागणाऱ्या लुजैन अल-हथलूलसारख्या बायकांना अटक झाली होती. गाडी चालवू दिली, मागू मात्र दिलं नाही. 'आम्ही दिलं' असं म्हणता यावं, म्हणूनच हे असावं.

पुण्याच्या मोलकरणींनी हे आपल्याला फार पूर्वी शिकवलं होतं. १९८० मध्ये त्या संपावर गेल्या, पगारवाढ आणि आजारपणाची पगारी रजा मागायला. त्यांनी जुनी साडी मागितली नाही, दिवाळीचा फराळ मागितला नाही. रजा मागितली. हे मला रियाधच्या वाळूत बसून कळावं, याची आज लाज वाटते.

आपल्या गटाची सहल निघते, शिबिरं होतात. आपण मोकळ्या होतो, आणि व्हायलाच हवं. त्या संध्याकाळी नसत्या तर मी तग धरला नसता. फक्त परत जाताना एवढं बघा: आज तुम्ही इथे आहात, तर तुमच्या घरचं काम कोण करतं आहे? आणि तिची सुट्टी कोणत्या वारी असते? ते तिलाच विचारा. आपण ठरवून सांगू नका.